खोडलेले पान

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा शिष्य धापा टाकत आला. काखेत हस्तलिखित होते. मुलांना पाखरांची ओळख करून देणारे ते त्याचे पहिलेच पुस्तक, आणि दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात जायचे होते.

"गुरुजी, सुगरणीचं पान आधी वाचा! त्या एका पानावर तीन महिने घालवलेत!"

इतर पाखरांसाठी शिष्याने ग्रंथ धुंडाळले होते. सुगरण मात्र घरचीच, गावच्या विहिरीवरच तिची घरटी लोंबत; तिच्यासाठी ग्रंथ कशाला? घरटे तीच विणते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मादी एकेक धागा ओवते आणि नर शेजारी बसून नुसता गातो, असे त्याने फार गोड लिहिले होते.

गुरुजींनी पान वाचले, मान डोलावली, आणि लेखणी घेऊन सगळे पान खोडून टाकले. खाली एकच ओळ लिहिली: 'सुगरणीचे घरटे कोण विणते? विहिरीवर जाऊन बघा.'

शिष्याचा चेहरा पडला. "गुरुजी, हे काय केलंत? माझ्या पुस्तकाचा जीव होता हो त्या पानात!"

हस्तलिखित घेऊन गुरुजी शेजारच्या शाळेत गेले. मागून शिष्य फुरंगटून चालला. वर्गात त्यांनी ती एकच ओळ वाचली आणि वही मिटली. मग जी झुंबड उडाली! पाट्या पडल्या, दप्तरे तुडवली गेली, आणि वर्ग रिकामा झाला. गुरुजी दारातून ओरडत राहिले, "अरे, कठड्यापासून लांब बसा रे!"

दोन तासांनी मुले परतली ती आरडाओरडा करतच.

"गुरुजी, पिवळ्या डोक्याचा विणतोय! नर!"

"मादी नुसती बघायला येते!"

केशर नावाची एक मुलगी सगळ्यांना मागे सारून पुढे आली. "त्याचं एवढं अर्धं घरटं विणून झालं होतं, गुरुजी. ती आली, आत डोकावली आणि गेली उडून. पसंतच नाही पडलं तिला! आता त्यानं दुसरं घेतलंय विणायला!"

शिष्य शरमेने लाल झाला. जन्मभर त्या विहिरीचे पाणी प्यायला होता, पण मान वर करून त्याने कधी पाहिले नव्हते. तो हळूच म्हणाला, "थोडक्यात वाचलो, गुरुजी. पान चुकलं होतं म्हणून तुम्ही ते खोडलंत."

"नाही रे," गुरुजी म्हणाले. "चूक तर मी समासातही दुरुस्त केली असती. ते पान बरोबर असतं तरी मी खोडलंच असतं. इतकं गोड लिहिलं होतंस की ते वाचून एकही मूल जागचं हललं नसतं. सुगरणीची भेट पानावरच झाली, तर विहिरीवर कोण जाईल?"

शिष्य केशरसमोर उकिडवा बसला आणि त्याने विचारले, "अजून विणतोय का गं तो?"

"मग! चला की लवकर!" तिने त्याचे बोट धरले, आणि पुस्तकाचा लेखक आपल्या वाचकाच्या मागे धावत सुटला.

मुलाला निसर्गाचे पुस्तक दिलेत, तर त्याने ते किती वाचले हे विचारू नका. ते उघडे टाकून तो कितीदा बाहेर पळाला, तेवढे विचारा.