भोपळ्याला सुरी कुणी लावायची

बोरखडीच्या विहिरीला खेटून जे रान आहे ना, त्याची ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथं एका व्यापाऱ्याची पत्र्याची वखार होती. टोळधाड येणार म्हणून त्यानं पांढऱ्या विषारी पावडरीची पोती भरून ठेवली. टोळ काही आले नाहीत, व्यापारी निघून गेला, पोती राहिली. एका पावसाळ्यात ओढा फुगला, वखार आडवी झाली आणि सगळी पावडर रानात जिरली. लोकांना वाटलं, जाईल धुऊन. कसलं काय! पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, मातीचा वास तसाच. आज ना उद्या विष विहिरीत उतरणार, म्हणून पंचांनी गाव उठवायचं ठरवलं.

रान होतं द्वारकाआत्याचं. बाई एकटी, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "तुम्ही जा बापडे. माझं माहेर हेच आन् सासर हेच. मी कुठं जाऊ?"

त्याच दिवसांत रानात भोपळ्याचा वेल आपसूक उगवला. शेजारचं गवत खाल्लेल्या शेळ्या धडधाकट राहिल्या, पण वेलाचा पाला खाल्लेली आत्याची लाडकी शेळी तडफडून मेली. लोक म्हणाले, वेल अवदसा आहे, उपटून टाका. आत्या शेळीपाशी बसून पोटभर रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "गवतात नाही आन् वेलात आहे. म्हणजे हा मेला जमिनीतलं विष पितोय. पिऊ द्या की त्याला!"

पंच म्हणाले, बरं, बघू. आत्यानं सगळ्या रानात भोपळा लावला. सकाळी बांधावर असलेला शेंडा संध्याकाळी तिच्या कौलांवर दिसायचा, असं म्हणतात. मधमाशी मात्र फुलांकडे फिरकेना. मग आत्याच नर फूल तोडून मादी फुलाला लावायची. पोटुशी बाई दोन घास जास्त खाते, तसा फळ धरलेला वेल जास्त पिईल, असं तिचं म्हणणं. भोपळे असे धरले, की एकेकाला ओढायला बैलजोडी लागायची, असं म्हणतात. मी काही पाहिलं नाही बुवा. हंगाम संपला की वेल, मुळं, फळं सगळं ओढ्यापलीकडच्या खडकातल्या कोरड्या हौदात टाकायचं आणि वर शिळा ठेवायची.

मग दुष्काळ पडला. घरात दाणा नाही आणि रानात आत्यानं घागरीनं पाणी घालून जगवलेले भोपळे! बापू पाटील हात जोडून आला. "आत्या, लेकरं उपाशी आहेत गं. एक तरी दे." आत्याचा जीव तुटला. पण देणं म्हणजे लेकरांना विष घालणं. कितीजणांना नाही म्हणणार आणि रानाची राखण तरी किती करणार?

तेव्हा तिला रीत आठवली. आपल्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही. पुरुषानं चीर द्यायची, मग बाईनं फोडी करायच्या. आत्यानं गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना देवळात बोलावलं आणि बेलभंडारा उचलायला लावला, की या रानातल्या भोपळ्याला मी सुरी लावणार नाही. पुरुष शपथेत अडकले, बायका रितीत. पोरं भोपळ्यांकडे बघत बघत माळावरचा झाडपाला उकडून खायची. त्या वर्षी आत्यानं शिव्याही पोटभर खाल्ल्या. पण भोपळा एकही चिरला गेला नाही.

असेच हंगाम गेले. आत्याचे केस पांढरे झाले. एके सकाळी ती फुलं लावायला गेली तर फुलात मधमाशी! विष सरलं की काय, म्हणून आत्यानं वेलात शेळ्या सोडल्या. त्या दिवशी शेळ्यांनी पाला खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथंच चरायला आल्या.

आता भोपळा खाऊन कोण बघणार? बापू पाटील म्हणाला, "देवाला कौल लावून शपथ सोडवून घेतो. मी लावतो सुरी."

"तू लेकुरवाळा," आत्या म्हणाली. "काही झालं तर माझ्यामागं रडायला कोण आहे? आण ती सुरी."

आणि बाईनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावली! भाजी शिजवली, एकटीनं खाल्ली. सगळं गाव दिवस मावळेपर्यंत तिच्या अंगणात तोंडाकडे बघत बसलं. शेवटी आत्याच वैतागली. "काय बघताय? मीठ कमी पडलंय, एवढंच!"

गाव उठलं नाही. विहीर आजही तिथंच आहे. दर वर्षी त्या रानातला पहिला भोपळा गावातली सगळ्यात थोरली बाई चिरते आणि पुरुष हात मागे बांधून उभे राहतात. पहिला घास ती एकटी खाते. मग ती म्हणते, "मीठ कमी पडलंय," आणि तेव्हाच पंगत वाढतात. भाजी खारट झाली असली तरी ती तेच म्हणते.