साळुंकी बसेल तो खांदा

एका राज्यात एक राजा होता, पण जागा नव्हता. जादूगाराच्या शापाने सिंहासनावरच निजला होता. उःशापाचा मंत्र ठाऊक एका साळुंकीला. ती वारसाच्या खांद्यावर बसेल, तरच त्याच्या कानात सांगेल. बसवायची भर दरबारात, तशी रीतच. खेपा तीन, तिसरी हुकली, की राजाचा दगड.

वारस म्हणजे राजकन्या चंपकमाला. अन् हिचा खांदा सारखा उडायचा! मान झटकायची, घशातून ‘ह्म्’ निघायचं. लहानपणापासून. लाजेने ती चारचौघांत जाईनाशी झाली होती. पण बापाचा जीव टांगणीला लागलेला; जावंच लागलं.

पहिल्या दिवशी तिने खांदा शेल्याने आवळून बांधला. साळुंकी बसली. खांदा थांबला, तशी मान दुप्पट झटके घेऊ लागली. दरबार खो खो हसला. पाखरू भुर्र!

दुसऱ्या दिवशी तिने श्वास रोखून सगळं दाबलं. दाबलेलं जाणार कुठे? पाखरू बसतं न बसतं तोच खांदा उसळला, हशा पिकला, अन् हिच्या डोक्यात सणक गेली. हातातली डाळिंबदाण्यांची चांदीची वाटी तिने भिरकावली. लागली ती सखी मदनिकेच्या कपाळाला. हसली नव्हती ती एवढी एकटीच!

पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ती आधी सखीपुढे उभी राहिली.

"खांदा माझं ऐकत नाही, मदनिके. पण हात माझा होता. वाटी मीच फेकली. लाज वाटते मला."

या खेपेला कोणी हसलं नाही. साळुंकी आपणहून खांद्यावर आली. खांदा उडाला, तशी झुलली, पण बसून राहिली.

"मग आधी का उडालीस?" राजकन्येने विचारलं.

"हशाला भ्याले. फांदी काय कमी हलते? पण मला कोणी विचारलंच नाही," साळुंकी म्हणाली, अन् मंत्र सांगून मोकळी झाली.

राजा जागा झाला. "माग, हवं ते माग."

"आधी माझा अपराध ऐका, महाराज." मान खाली घालून राजकन्येने सगळं सांगितलं. राजाने शिक्षा मदनिकेवर सोपवली.

मदनिका म्हणाली, "उद्या माझी वेणी घालायची. केस ओढलेस, तर बोंब ठोकीन!"

दुसऱ्या दिवशी दरबार रीतसर भरला. कपाळाला पट्टी अन् पाठीवर वाकडीतिकडी वेणी मिरवत मदनिका राजकन्येशेजारी येऊन बसली.