बोटभर वर

सायकलीचे भाग जेव्हा आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. रेणूच्या लाल सायकलीला मागे आधाराची दोन छोटी चाकं होती. त्यांतलं डावं भारी काळजी करणारं. रेणू जरा कलली की ते जमीन घट्ट धरून ठेवी.

दर रविवारी आजोबा पान्याने दोन्ही छोटी चाकं जमिनीपासून बोटभर वर बसवत. रेणूला मात्र सांगत नसत. उजवं चाक वरच राही. डावं आपला नट सैल करून हळूच खाली येई.

"आलंस पुन्हा खाली?" मागचं मोठं चाक चिडलं.

"पोर पडली तर?"

"पडेल की! तू आहेस म्हणून ती तुझ्यावरच रेलते. महिन्यात एकदा तरी सरळ बसली का?"

डावं चाक वरमलं. आपलंच चुकत असेल का? पण आपण वरच राहिलो आणि ती पडली, तर फुटलेल्या गुडघ्याचा दोष कुणाचा? तरी त्या रविवारी त्याने नट गच्च धरून ठेवला.

रेणू डावीकडे कलली आणि धाडकन पडली. "आजोबा, चाक मोडलं!"

"काही मोडलं नाही. ऊठ, बस पुन्हा."

डाव्या चाकाला खाली यावंसं वाटलं. ते आलं नाही. रेणू पुन्हा कलली, डगमगली, मग हँडल सावरून सरळ झाली आणि फाटकापर्यंत गेली.

"आजोबा, बघा! चाकाने धरलं मला!"

डावं चाक जमिनीपासून बोटभर वरच होतं.