सोमवारची कटिंग

"बाबा, दोघांनी त्याचे हात धरले तर?"

"कुणाचे?"

"श्रावणतात्याचे, आणखी कुणाचे? पाच मिनिटांचं काम. मशीन फिरवतो आणि सोडून देतो."

लतीफबाबा कडुनिंबाखाली पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग सोलली. दाणे टोपलीत टाकले. टरफल बकरीपुढं टाकलं.

"...हात धरून?" ते म्हणाले.

मुरलीनं मान खाली घातली. पण राग काही खाली गेला नाही.

आता हे ठिकाण कुठलं, ते सांगायला हवं. गिरणा नदीच्या काठाला, गावापासून थोडं बाजूला, लतीफबाबा नावाचे एक फकीर राहायचे. एकदा त्यांना बसस्टँडवर एक माणूस भेटला. त्याला घर आठवत नव्हतं. बाबांनी त्याला भाकरी दिली, घोंगडी दिली, आणि तो राहिला. मग दुसरा आला. मग पोलीसच आणून सोडायला लागले. गावानं पत्रे दिले, विटा दिल्या. कुणी दळण आणून टाकतं, कुणी दवापाणी बघतं, कौसाबाई दोन्ही वेळची चूल सांभाळते. असं ते चाललेलं.

बाबा त्या सगळ्यांना पाहुणे म्हणत. ज्या पाहुण्याला नाव सांगता येत नसे, त्याला तो आला त्या महिन्याचं नाव मिळे. भादू भाद्रपदातला. श्रावणतात्या श्रावणात आला होता, चिंब भिजून. आता पौष लागला होता. एवढ्या दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

आणि मुरली म्हणजे मुरलीधर सैंदाणे. बसस्टँडसमोर त्याचं सलून. सोमवारी सलूनला सुट्टी. बाकीचे कारागीर त्या दिवशी झोपा काढत, सासुरवाडीला जात. मुरली मात्र पेटी घेऊन इथं यायचा आणि पाहुण्यांची डोकी, दाढ्या करून द्यायचा. कैक वर्षं. पैसा घ्यायचा नाही. इथला चहासुद्धा प्यायचा नाही, घरून पिऊन यायचा. देणाऱ्यानं घेऊ नये, असं त्याचं म्हणणं.

एक खुर्ची मांडायची, मशीनला झिरो लावायचा, की कपाळापासून मानेपर्यंत सपासप. उठ. पुढचा. बारा वाजायच्या आत सगळं अंगण मोकळं.

"काय मुरलीभाऊ," कौसाबाई चुलीपासून ओरडायची, "झाली का मेंढरं भादरून?"

मुरली हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

आणि त्याची मिशी! गावात तशी मिशी नव्हती. दोन्ही टोकं वर वळवलेली, तेल लावलेली, काळीभोर. लग्नाआधी नवरदेव सलूनमध्ये येऊन म्हणायचे, "मुरलीभाऊ, तुमच्यासारखी करून द्या." मुरली म्हणायचा, "तशी करून मिळत नाही, वाढवावी लागते."

तर असा हा मुरली, आणि त्याच्यापुढं श्रावणतात्या बसत नव्हता. खुर्चीजवळ आणलं की दोन्ही हात डोक्यावर ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. केस खांद्यावर आले होते. दाढी छातीवर. आणि आज तर त्याचं बघून आणखी दोघांनी डोक्याला टॉवेल गुंडाळले होते.

"बाबा, मी सांगून ठेवतो," मुरली म्हणाला. "आज तो बसला तर ठीक. नाहीतर पुढच्या सोमवारपासून मी येत नाही. एवढी वर्षं सेवा केली, कुणी मला नको म्हटलं नाही."

"कुणी हो म्हटलं होतं?"

कौसाबाई भाकरी थापायची थांबली. मुरली गेला तर या डोक्यांचं कोण बघणार? दुसरा कोणी सोमवार सोडायला तयार नव्हता.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आले, आणि खुर्ची जरा उन्हात सरकवली.

"बस," ते म्हणाले.

"कोण?"

"तू."

"मी? मला कशाला, बाबा? मी कालच..."

"बस रे. थंडी आहे, ऊन खा."

मुरली बसला. बाबांनी त्याच्या पेटीतली कात्री घेतली. श्रावणतात्याकडं गेले. त्याचा एक हात डोक्यावरून अलगद खाली घेतला आणि त्यात कात्री ठेवली.

"बाबा!" कौसाबाई पिठाचे हात घेऊन धावत आली. "अहो, काय करताय? त्याला काही कळतं का?"

बाबा परत पोत्यावर जाऊन बसले. एक शेंग उचलली.

श्रावणतात्यानं कात्रीकडं पाहिलं. मग खुर्चीकडं पाहिलं. मग उठला.

त्यानं पांढरं कापड झटकलं. मुरलीच्या गळ्याभोवती टाकलं, मागं गाठ मारली. गाठ चुकली, परत मारली. पाण्याचा फवारा उचलून मुरलीच्या डोक्यावर मारला, तो अर्धा डोळ्यांत गेला.

पाहुणे एक एक करून जवळ आले. उकिडवे बसले. असा खेळ त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

"तात्या, हळू..." मुरली म्हणाला.

कच.

कानावरची एक बट खाली पडली.

कच. कच.

"बाबा, हा पूर्वी न्हावी होता का?" मुरलीनं मान न हलवता विचारलं.

"छे," बाबा म्हणाले. "दिसतंय की."

पाहुण्यांतला एक जण खुदकन हसला. मुरलीनं दात आवळून धरले. पुढच्या सोमवारी यायचंच नाही म्हटल्यावर आजचा दिवस काढायला काय हरकत आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. केस काय, येतील परत.

श्रावणतात्या समोर आला. वाकला. मुरलीच्या तोंडाकडं खूप वेळ बघत राहिला. मग अंगठ्यानं त्याच्या मिशीचं डावं टोक सरळ केलं, आणि...

कच.

अर्धी मिशी पांढऱ्या कापडावर पडली.

"अगं आई गं!" कौसाबाईनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

मुरली उठला. अर्धा उठला म्हणा. गळ्यात कापड, डोळे लाल.

"मधूनच उठतोस?" बाबांचा आवाज आला. "गेल्या सोमवारी त्या भादूला ओरडलास ना, मधून उठायचं नाही म्हणून."

"पण बाबा, मिशी! माझी मिशी! अहो, निदान मला विचारायचं तरी..."

आणि तो तिथंच थांबला.

बकरी टरफलं चावत होती.

समोर पाहुणे बसले होते. मुरली त्यांच्याकडं बघत राहिला. सगळी डोकी सारखी. पौषातल्या थंडीत गोटा केलेली. कुणाच्या डोक्यावर टॉवेल, कुणाच्या फडकं, एकानं तर पोत्याचा तुकडा घेतला होता.

मुरली हळूच खाली बसला.

श्रावणतात्या वाकला. आता कात्री मिशीच्या उजव्या टोकाजवळ होती. पण ती चालली नाही. त्याचे ओठ हलले. आत कुठंतरी गंजलेलं दार ढकलावं तसा आवाज आला.

"...कसे ठेवू?"

"अगं बाई, बोलला!" कौसाबाई म्हणाली.

हेच तर मुरली सलूनमध्ये दिवसभर म्हणायचा. कसे ठेवू, शेठ? मागून बारीक करू का? कल्ले किती ठेवू? पोरांनासुद्धा विचारायचा.

"एवढी राहू द्या, तात्या," तो म्हणाला. "बाकी... बरोबर आहे."

श्रावणतात्यानं मान डोलावली. कात्री पेटीवर ठेवली. पेटीतला आरसा घेतला, आणि सलूनमध्ये धरतात तसा मुरलीच्या समोर धरला. मागूनही दाखवला, पण समोर दुसरा आरसा नव्हता, त्यामुळं मुरलीला काही दिसलं नाही. तरी तो म्हणाला, "छान."

मग आरसा पुन्हा समोर आल्यावर त्यानं स्वतःला पाहिलं.

एका कानावर खड्डा. दुसऱ्या कानावर झुडूप. आणि एका बाजूनं ऐटीत वर वळलेली अर्धी मिशी. दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

आधी त्याचं पोट हललं. मग खांदे. मग तो असा हसला, असा हसला, की खुर्ची करकरायला लागली. पाहुणे हसले. कशाला हसतोय हे न कळणारेसुद्धा हसले. कौसाबाईनं डोळे पुसले, तर पीठ डोळ्यांना लागलं, म्हणून आणखी हसली. एक भादू तेवढा गंभीर होता. तो पुढं आला आणि मुरलीच्या मिशीला बोट लावून बघून गेला.

श्रावणतात्यानं कापड सोडलं, झटकलं. फडक्यानं खुर्ची पुसली.

आणि स्वतः खुर्चीत बसला.

मुरलीचा हात सवयीनं मशीनकडं गेला. मग मागं आला. त्यानं कंगवा घेतला.

"कसे ठेवू, तात्या?"

कितीतरी वेळ गेला. मुरली कंगवा धरून उभा राहिला. घाई केली नाही.

"दाढी काढ," श्रावणतात्या म्हणाला. एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "डोक्यावरचे... राहू दे. मागून बारीक. कल्ले इथपर्यंत."

"आणि मिशी?"

"मिशी ठेव. नीट ठेव हां."

पुन्हा सगळे हसले. या वेळी श्रावणतात्याही हसला.

मुरलीनं ती कटिंग नवरदेवाची करावी तशी केली. फेस केला, वस्तरा फिरवला, तुरटी लावली. शेवटी आरसा धरला. श्रावणतात्यानं गालावरून हात फिरवला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अरे..." तो म्हणाला. "म्हातारा झालो की मी!"

आणि इतका खूश झाला, की आरसा सोडेना.

मग काय विचारता! ज्यांनी टॉवेल गुंडाळले होते, ते टॉवेल काढून पुढं आले. एकाला शेंडी हवी होती. एकाला भांग हवा होता, पण भांग पडण्याइतके केस त्याच्याकडं नव्हते. मुरली म्हणाला, "महिनाभर थांबा, भाऊ, मग पाडू." एकाला काहीच नको होतं, फक्त आरसा हवा होता. त्यानं आरशात जीभ काढून पाहिली आणि समाधानानं गेला. एक जण म्हणाला, झिरोच मार, मला तोच आवडतो. त्याला झिरो मारला.

भादूला खूप विचारलं. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." तो विचार करत पाण्याच्या पिंपाशेजारी बसला.

बारा वाजले. दोन वाजले. ऊन कडुनिंबाच्या पलीकडं गेलं, तरी निम्मे पाहुणे राहिलेच होते. मुरलीची कंबर दुखायला लागली.

कौसाबाईनं चहा आणला. बाबांना दिला, श्रावणतात्याला दिला. तिसरा कप तिनं सवयीनं स्वतःकडं वळवला, तेवढ्यात मुरलीनं हात पुढं केला. तिनं कप त्याच्या हातात दिला. चहात साखर फार होती. मुरली तो फुंकून फुंकून प्याला.

"बाबा, आज निम्मेच झाले," तो म्हणाला.

"बरं झालं. भादूला विचार करायला वेळ मिळाला."

"राहिलेले पुढच्या सोमवारी करतो. लवकर येतो."

बाबांनी मान हलवली. टोपली दाण्यांनी भरली होती.

मुरलीनं पेटी आवरली. कंगवे पुसले, कात्री पुसली. आरसा श्रावणतात्याच्या मांडीवर होता, तो तिथंच राहू दिला.

"मुरलीभाऊ," कौसाबाई म्हणाली, "असेच जाणार का गावातून? पोरं मागं लागतील. ती उरलेली अर्धी तरी उडवा!"

मुरलीनं मिशीला हात लावला. दिवसभर तिचा त्याला विसरच पडला होता. एक टोक होतं तसंच, वर वळलेलं. तो एकटाच हसला. मग वस्तरा हातात घेऊन बाबांकडं वळला.

"काय करू, बाबा? काढून टाकू?"

लतीफबाबांनी शेवटची शेंग सोलली. दाणे तोंडात टाकले. श्रावणतात्याकडं बोट केलं.

"मला काय विचारतोस? ज्यानं ठेवली, त्याला विचार."