तिन्ही धर्मांचं गाढव

गाढवं अजून बोलायची, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात तापाची साथ आली. सकीनाबी, हन्नाबाई आणि अपोलिनबाई या शेजारणी मिळून पेज शिजवायच्या आणि तिघींचं सामाईक गाढव ती आजाऱ्यांच्या घरी पोचवायचं.

एका शुक्रवारी गाढव अडून बसलं. "आज जुम्मा. मी मुसलमान." शनिवारी म्हणालं, "आज शब्बाथ. मी यहुदी." रविवारी त्यानं डोळेच मिटले. "मी ख्रिस्ती. आज मिस्सा." गाढवच ते, पण वार बरोब्बर पाठ!

जिचा वार तिला घरी ठेवून उरलेल्या दोघींनी रोज हंडा वाहिला. सोमवारी तिघी गोठ्यात आल्या.

"तिन्ही धर्म घेतलेस, फार आनंद झाला," सकीनाबी म्हणाली. "आता महिनाभर रोजे धर."

"मग आमचा किप्पूरचा उपवास. पाणीसुद्धा नाही हं," हन्नाबाई म्हणाली.

"आणि पुढचे चाळीस दिवस आमचे," म्हणत अपोलिनबाईनं गवताचा भारा उचलला.

गाढव ताडकन उठलं. "बायांनो, भारा ठेवा खाली! मी नुसतं गाढव आहे. पेज कुणाकडे न्यायची?"