खापरभर विस्तव

खूप खूप जुनी गोष्ट आहे. काड्यापेटी तेव्हा कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या बायका रात्रीचा स्वयंपाक झाला, की निखारे राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्यांवरच फुंकर घालून चूल पेटवत.

त्या गावात कुंभाराच्या घरी नवी सून आली. मोठी गुणी पोर. कुणी जे मागेल ते द्यायची, अगदी मनापासून. सासू लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि घर तिच्यावर आलं.

शेजारी एक म्हातारी विणकरीण एकटीच राहायची. डोळे अधू झाल्यापासून तिचा माग बंद होता. एके सकाळी ती फुटक्या मडक्याचं खापर घेऊन दारात आली.

"सूनबाई, जरा विस्तव देतेस का?"

सुनेनं चांगले फुललेले निखारे दिले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा आली. "विस्तव देतेस का गं? भाकरीचा वास काय सुटलाय!"

"नवी ज्वारी आहे ना, आजी," सून कौतुकानं म्हणाली, आणि तिनं निखारे दिले.

तिसऱ्या दिवशी मात्र तिला हसू आलं. "आजी, रोज कसा हो विझतो तुमचा विस्तव? राखेत नीट पुरून ठेवत जा की!"

"विसरते गं म्हातारपणी," असं म्हणून म्हातारी उंबऱ्याशी जरा रेंगाळली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी ती आलीच नाही. सुनेला वाटलं, चला, आजींना लागली सवय!

दुपारी सासू परतली. सुनेनं गंमत म्हणून सगळं सांगितलं. सासूचा चेहराच उतरला.

"अगं, रात्री जिची चूल पेटते, तिच्या घरी सकाळी विस्तव असतोच! किती दिवसांची उपाशी आहे ती, देव जाणे."

पेजेचं भांडं उचलून दोघी धावल्या. म्हातारीच्या चुलीत नुसते विझलेले कोळसे होते. मडकी पालथी होती. म्हातारी भिंतीशी निपचित पडली होती. सुनेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पेज पाजली.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं डोळे उघडले. "मी मागितलं ते तू दिलंस गं, पोरी. तुझं काही चुकलं नाही."

ते ऐकून सून ढसाढसा रडली.

पुढे कुणीही विस्तव मागायला आलं, की ती खापराखाली दोन भाकऱ्या ठेवून द्यायची. "खापर तापतं, हात भाजेल," एवढंच म्हणायची. घेणारीही खाली मान घालून म्हणायची, "हो बाई, भाजतं खरं."

म्हणून लहानथोरांनो, माणूस काय मागतो एवढंच ऐकू नये. तो का मागतो, तेही ओळखावं.