बुवांची निर्जळी

"मग सांगता ना बुवा माझ्या बहिणीला? तुमच्या शब्दाबाहेर नाही ती."

गहिनीबुवा पंचा तोंडाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

भागवत ताटकळला. जूनचा उकाडा, तरी खिडकीला घोंगडी बांधलेली, दार घट्ट लोटलेलं. बाहेर मठाच्या ओट्यावर ही गर्दी! तीन दिवस बुवांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कडक निर्जळी धरलीय म्हणे, गावावरचं संकट अंगावर घेतलंय म्हणे. पंचक्रोशीतली माणसं नारळ घेऊन लोटली होती. भागवतही उंबऱ्यावर डोकं टेकवूनच आत आला होता. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो लेकाचा, पण उंबरा दिसला की मान आपोआप खाली.

"काय सांगू तिला?" बुवांचा आवाज पार बसला होता.

"जीवशास्त्राला जाऊ नको म्हणावं. उद्या फी भरायचा शेवटचा दिवस. आईच्या पाटल्या माझ्या एमएस्सीत गेल्या. आता शिवकन्येसाठी गळ्यातलं मोडायला निघालीय."

"आणि तुला काय मिळालं?"

याच प्रश्नाची वाट बघत होता तो. बांध फुटल्यागत बोलत सुटला.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, बुवा! दहा वर्षं तासांवर राबतोय. सुट्टी लागली की पगार बंद. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी माझ्यापेक्षा जास्त नेतो. सोयरिकीला आलेले पाहुणे, पर्मनंट नाही कळलं की चहा न पिता उठतात. सगळं घालून हाती काय आलं? बेडकाचं काळीज कुठं असतं, ते कळलं."

"एवढंच?"

"एवढंच."

बुवा हसले की कण्हले, कळलं नाही.

"तांब्यातलं पाणी ओत भांड्यात. दे इकडं."

भागवत चपापला. निर्जळी मोडणार? पण बुवांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. पाण्याची धार भांड्यात पडली तसे बुवा शहारले. तरी त्यांनी हात पुढे केला, भांडं ओठाशी नेलं...

घसा आवळला. मान मागं ताठली. भांडं भिंतीवर जाऊन आदळलं.

"अगं आई गं!" भागवत धावला. वारा यावा म्हणून त्यानं आधी दार ढकललं. झुळूक आत आली मात्र, अन् बुवांचा घसा पुन्हा तसाच आवळला. त्यांनी पंचा दातात धरला.

भागवतनं दार लावून घेतलं. घोंगडीकडे बघितलं. सांडलेल्या पाण्याकडे बघितलं.

मागच्याच सत्रात शिकवला होता त्यानं हा धडा. पोरं जांभया देत होती.

"बुवा... निर्जळी धरलीय ना तुम्ही?"

"मी कशाला धरू? पाणी बघितलं की असं होतं. लोक पाया पडायला लागले."

"कुत्रं..."

"कुत्रं कसलं रे. ओट्याखालचं पिल्लू. खेळता खेळता दात लागला. झाले दोनेक महिने. चार दिवसांनी मेलं बिचारं."

भागवत पायांशी कोसळला. बाप गेला तेव्हा याच पायांशी बसून रडला होता तो.

"हात नको लावू," बुवांनी पाय आखडून घेतले. "काय ते बोल. दहा वर्षं दुसऱ्यांना सांगतोस ना? मला सांग."

"दवाखान्यात चला, बुवा. आत्ताच्या आत्ता."

"चला म्हणतोस. बरा होईन, असं म्हणत नाहीस."

"नाही होणार," भागवत म्हणाला. आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"किती दिवस?"

"दोन... फार तर चार."

बुवांनी मान हलवली. बाहेर कुणीतरी नारळ फोडला, लोकांनी बुवांच्या नावाचा गजर केला.

"इतके जण येऊन गेले," बुवा म्हणाले, "कुणी एवढं खरं बोललं नाही."

मग पंच्यानं तोंड पुसत ते हळूच म्हणाले, "भागवता, ते पिल्लू शिवकन्येच्या मांडीवर असायचं रे. तिच्या बोटालाही दात लागला होता. हळद दाबली तिनं अन् मठाचा ओटा झाडायला लागली."

भागवत ताडकन उठला.

बाहेरून तिचाच आवाज येत होता. "मावशी, रांगेत या हो. गुळाचा खडा घ्या, पाणी प्या." सगळ्यांना पाणी देत होती. स्वतः प्याली होती का? सकाळी चहा घेतला होता का तिनं? आठव, आठव... आठवेना.

रेबीजचं लक्षण दिसायच्या आत सुया टोचल्या तर माणूस वाचतं. आत. नंतर नाही. हे त्यानं फळ्यावर खडूनं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तो दाराशी धावला आणि कडीवर हात ठेवून थबकला. दार उघडलं की वारा आत येणार.

बुवांनी पंचा तोंडावरून ओढून घेतला.

"उघड रे. तिला घेऊन जा."

"बुवा, तुम्हाला असं टाकून..."

"जा म्हणतो ना! आणि ऐक... मघाचा तुझा हिशेब अर्धा राहिला. आज जे कळलं ते कुठं मांडशील, भागवता? जमेत, का खर्चात?"